मिरवणुकीचा मार्ग कोण ठरवतं? (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनी जरूर लिहा)

टिळकवाडीकर

गणपती जवळ आले की आपल्याकडच्या पेपरांत एक ठरलेली बातमी येते. शांतता समितीची बैठक झाली, मंडळांचे अध्यक्ष होते, अंजुमन या मुस्लिम संस्थेचे लोक होते, कमिशनर साहेबांनी सर्वांना सहकार्याचं आवाहन केलं. आपण पान उलटतो. पण गेल्या सव्वाशे वर्षांत पोलीस आणि वेगवेगळे धर्मसमाज यांचं आपल्याकडे जे काही जमलं किंवा बिनसलं, ते बरंचसं अशाच बैठकांत ठरलं आहे. कायद्याची कलमं नंतर येतात. आधी भांडण होतं ते मार्गावरून, वेळेवरून आणि वाद्यांवरून.

सुरुवात १८९३ पासून करतो. ११ ऑगस्टला मुंबईत मोठी दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं. त्याच वर्षी टिळकांनी गणपती रस्त्यावर आणला. पुढच्या वर्षी पुण्यात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपुढे मेळ्याच्या वाद्यांवरून मारामारी झाली. तोवर मोहरमच्या ताबुतांपुढे हिंदूही नाचत होते, आणि ताबुतांच्या बंदोबस्ताची पोलिसांना सवय होती. नव्या उत्सवाला मात्र जुनी वहिवाट नव्हती. मशिदीपुढे वाद्य थांबवायचं की नाही, हा प्रश्न कलेक्टर आणि पोलीस सुपरिंटेंडेंट यांच्या टेबलावर आला तो तेव्हा, आणि आजही तिथून हललेला नाही.

बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. इथला झेंडा चौकातला सार्वजनिक गणपती १९०५ चा, तोही टिळकांच्याच हातून बसलेला. १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीगही इथंच काढली. त्यामुळे इथल्या गणपतीकडे गोऱ्या साहेबाची नजर पहिल्यापासून दुहेरी होती: दंगा होईल ही एक काळजी, राजकारण होईल ही दुसरी. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेस भरली. त्याच वर्षी सप्टेंबरात वायव्य सरहद्दीवरच्या कोहाटला हिंदू-मुस्लिम दंगल झाली होती, गांधीजींनी दिल्लीत २१ दिवसांचा उपवास केला होता, आणि कोहाटचा विषय बेळगावच्या मांडवातही होता. त्या अधिवेशनाची विहीर आणि स्मारक दाखवताना हे कुणी सांगत नाही.

त्याच सुमारास लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा, एक निकाल आला. मंजूर हसन विरुद्ध मुहम्मद जमान. सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक तिच्या रीतीरिवाजांसह काढण्याचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं. हक्क कसा, तर दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाला आणि रस्त्यावरच्या बाकीच्यांच्या हक्काला अधीन. गणपतीच्या वादात वकील हा निकाल अजून काढतात. मूळ भांडण मात्र संयुक्त प्रांतातल्या (आजच्या उत्तर प्रदेशातल्या) औरंगाबाद नावाच्या गावच्या शियांचं आणि सुन्नींचं. सुन्नींच्या मशिदीपुढून ताबूत नेताना मातम करायचा की नाही, यावरून.

आपल्या भागाची गंमत म्हणजे सरहद्दी. आजचं शहापूर त्या वेळी सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांकडे. रायबाग कोल्हापूरकडे, रामदुर्ग स्वतंत्र संस्थान, आणि खानापूरच्या पलीकडे पोर्तुगीज. एका गल्लीत एक पोलीस, पुढच्या गल्लीत दुसरा. ८ मार्च १९४८ ला दख्खनची संस्थानं आणि १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा पोर्तुगीज सोडून हे संपलं. लगेच आठ वर्षांत, १ नोव्हेंबर १९५६ ला, जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. म्हणजे पोलिसांचे मालक दहा वर्षांच्या आत दोनदा बदलले, देव आणि पीर आपापल्या जागी.

या सगळ्यात टिकून राहिली ती वहिवाट. गेल्या वर्षी जिथून गेली तिथूनच यंदा जाईल, नवीन प्रथा नको. कुठल्याही ठाण्यात, कुठल्याही सरकारच्या काळात हेच उत्तर मिळतं. यानं शांतता राहते हे खरं. पण जो आधी पोचला त्याचा मार्ग पक्का होतो आणि नंतर आलेल्यानं परवानगी मागत फिरायचं. नवीन वसाहतीतलं मंडळ असो, नवा दर्गा असो, प्रार्थना करणारा छोटा ख्रिस्ती गट असो, की गावात पहिल्यांदाच जयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्यानं नेऊ म्हणणारी दलित पोरं असोत. ज्यांची गावानं मुळात वहिवाटच बसू दिली नाही त्यांना "वहिवाट दाखवा" म्हणणं मला पटत नाही.

तुमच्या गावात कसं आहे ते लिहा.

---

खानापूरची_लेक

छान धागा. माझं माहेर खानापूर तालुक्यात, सासर चंदगडला. जेमतेम तासाभराचा रस्ता. सासरी जत्रेत काही कुरबुर झाली की आधी पोलीस पाटलाला फोन जातो, तो दोन्हीकडच्यांना चावडीत बसवतो. माहेरी असला माणूसच नाही. थेट पोलीस ठाणं, नाहीतर पंचायत मेंबर. हा फरक कधीपासून?

---

टिळकवाडीकर

@खानापूरची_लेक, ताई, छप्पन सालापर्यंत दोन्हीकडे एकच होतं. १८६७ चा मुंबईचा ग्राम पोलीस कायदा, त्याखाली पोलीस पाटील. महाराष्ट्रानं १९६७ मध्ये स्वतःचा ग्राम पोलीस कायदा करून ते पद वंशपरंपरा काढून चालू ठेवलं. म्हैसूर सरकारनं १९६१ च्या कायद्यानं गावची वतनी पदं रद्द केली, त्यात आपल्याकडचा पाटील गेला. वतनदारी गेली हे चांगलंच झालं, पाटीलकीचा जाच ज्यांनी सोसला त्यांना विचारा. पण ताबुताला कोण खांदा देतं, रथाचा दोर कोण धरतं, कुठल्या घराचा कुठल्या घराशी अबोला आहे, हे ज्याला ठाऊक होतं तो माणूसही त्याबरोबर गेला. आता बीटचा हवालदार असतो. तो शिकून घेईपर्यंत त्याची बदली.

---

बंदोबस्त_निवृत्त

नमस्कार. माझी सगळी नोकरी कर्नाटक पोलीस खात्यात, बरीचशी याच जिल्ह्यात. नाव लिहीत नाही.

वहिवाट म्हणजे काय ते ठाण्यातून सांगतो. वहिवाट म्हणजे मागच्या वर्षीची फाईल. नवीन साहेब म्हैसूरकडनं नाहीतर कलबुर्गीकडनं आलेले असतात. मराठी येत नाही, गल्ल्या ठाऊक नाहीत. ते पहिल्यांदा म्हणतात, लास्ट इयर फाईल तगी, म्हणजे मागच्या वर्षीची फाईल काढा. त्यात नकाशा असतो, कुठल्या मंडळाचा नंबर कितवा, मशिदीपुढं कुठली गाडी किती वाजता आली, कुठं दगड पडला, कुणाकुणाकडनं बाँड लिहून घेतले. साहेब ती फाईल आहे तशी पुढं चालवतात. बदलून काही झालं तर त्यांच्या अंगावर, न बदलता काही झालं तर "प्रथेप्रमाणं होतं" म्हणता येतं. कुठलाही साहेब हेच करणार. मी साहेब असतो तर मीही केलं असतं.

दुसरं रौडीशीट, म्हणजे ठाण्यातली गुंडांची यादी. सणाच्या आधी शीटवरल्यांना ठाण्यात बोलवायचं, समज द्यायची, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ खाली शांतता राखण्याचा बाँड घ्यायचा. (आता बीएनएसएस या नव्या संहितेत ते १२६ झालंय, आणि जमावबंदीच्या १४४ चं १६३.) वीस वर्षांपूर्वी एकदा मारामारी केलेला माणूस, आता नातवंडं झाली, किराणा दुकान चालवतो, तरी नाव निघत नाही. आणि वरनं तोंडी सूचना असते की दोन्हीकडचे सारखे बोलवा. इकडचे दहा आणले तर तिकडचे दहा. खोडी कुणी काढली त्याचा हिशेब नाही, आकडा जुळला पायजे. यानं दोन्ही समाजांना वाटतं पोलीस आपल्यावर अन्याय करतात, आणि दोघांचंही थोडंथोडं खरं असतं.

२०१४ ला बेळगावला पोलीस कमिशनरेट झालं तेव्हापासून आणखी एक बदल. आधी जमावबंदीचा हुकूम, बाँड, हे डीसी (जिल्हाधिकारी) आणि तहसीलदाराकडं. पोलिसानं मागायचं, त्यांनी द्यायचं. लोकांना निदान दुसरं दार होतं. आता शहरात मागणारा तोच आणि देणारा तोच. काम पटकन होतं हे कबूल.

---

सीमावासी_५६

पोलिसांचा आणि आमचा इतिहास म्हणजे मराठी आंदोलकांवरचा १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार आणि १ जून १९८६ चा गोळीबार. मराठी माणूस हाच आमचा धर्म. बाकी चर्चा कशाला?

---

टिळकवाडीकर

@सीमावासी_५६, हुतात्म्यांबद्दल दुमत नाही, त्यावर इथं स्वतंत्र धागे आहेत. पण या धाग्याशी जुळणारा एक धागा तुमच्या प्रतिसादात आहेच. आपल्याकडच्या मंडळाला परवानगी नाकारली की ते आधी "मराठी म्हणून नाकारली" असं समजतं, आणि मोहल्ल्याला नाकारली की "मुसलमान म्हणून". एकच साहेब, एकच फाईल. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या वेळी तर भाषा आणि धर्म दोन्ही एकाच ट्रॉलीवर बसलेले असतात, बंदोबस्तावरच्या हवालदारानं नेमकं कशाकडे बघायचं?

---

शाइस्ता_कॅम्प

टिळकवाडीकर आणि बंदोबस्तकाका, दोघांचंही वाचलं. मी मराठी माध्यमात शिकले, घरी दखनी बोलतो.

२०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला. बेळगावात आमच्या बुजुर्गांनी मिलादचा जुलूस काही दिवस पुढे ढकलला. पेपरांत कौतुक झालं, फोटो आले. मला स्वतःला ते आवडलं, विसर्जनाच्या गर्दीत लहान मुलं घेऊन कोण जाणार? पण एक गोष्ट टोचते. जो जुलूस आकारानं लहान, ज्याची वहिवाट नवी, तो सरकतो. याला कायदा लागत नाही, हुकूम लागत नाही, बैठकीत चहा घेता घेता ठरतं. स्वखुशीनं सरकणं आणि दुसरा पर्याय नसल्यामुळे सरकणं, फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून त्या कौतुकाच्या बातम्या मी पुरत्या वाचत नाही.

आणि त्या बैठकीत बसतं कोण? वर्षानुवर्षं तीच माणसं. आमच्याकडचे तेच चार व्यापारी, तुमच्याकडचे तेच चार माजी नगरसेवक. एकही बाई नाही. दगडफेक झाली की पोलीस रात्री दार वाजवतात तेव्हा दार उघडायला बाईच असते.

भिवंडीचं उदाहरण सगळ्यांनी वाचावं. १९७० ला तिथं शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल झाली, न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं पोलिसांच्या पक्षपाती तपासावर कडक शब्दांत लिहिलं. १९८४ ला पुन्हा. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तिथं आले, त्यांनी पुढाऱ्यांना बाजूला ठेवून गल्लीगल्लीत मोहल्ला समित्या केल्या. रिक्षावाले, यंत्रमाग कामगार, शिक्षक, आणि प्रत्येक समितीशी बांधलेला एक पोलीस. डिसेंबर १९९२ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. आपल्याकडे नाव तेच घेतलं, समिती मात्र पुढाऱ्यांचीच ठेवली.

---

बंदोबस्त_निवृत्त

@शाइस्ता_कॅम्प, होय की बाळ, बायका नसतात हे खरं. महिला पोलीस वाढल्यात, बंदोबस्ताला उभ्या असतात, बैठकीत पाणी द्यायलाही त्याच.

---

जोगुळभावी

सगळे गणपती-मोहरमवरच अडकलेत म्हणून लिहितो. आपल्या जिल्ह्यात पोलिसांचा देवाशी सगळ्यात मोठा सामना झाला तो सौंदत्तीच्या डोंगरावर, आणि त्यात दोन धर्म नव्हतेच. समोर भक्त आणि बाजूला कायदा.

मुलींना यल्लम्माला सोडण्याविरुद्ध पहिला कायदा १९३४ चा, मुंबई सरकारचा. तो इथं लागू होता आणि कागदावर राहिला. १९८२ ला कर्नाटकानं देवदासी समर्पण बंदीचा कायदा केला. मग रांडाव पुनव आणि माघी पुनवेला डोंगरावर पोलीस आले, अंगावर फक्त कडुलिंबाचा पाला, म्हणजे लिंब नेसून जाण्यावर बंदी आली. कोल्हापूर, सांगली, गडहिंग्लजकडून बैलगाड्या आणि ट्रक भरून येणाऱ्या लोकांना हे मंजूर नव्हतं. आणि गुन्हा दाखल करायचा कुणावर? आईबापावर, पुजाऱ्यावर. गरीब जोगतिणीला पकडून पोलिसांच्या हाती काय लागणार होतं? बऱ्याच ठिकाणी विधी डोंगरावरून उतरून घरात आणि आडगावच्या देवळात गेला, जिथं पोलीस नसतो.

मार्च १९८६ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या चंद्रगुत्तीला काय झालं ते तेव्हाच्या कुठल्याही पोलिसाला विचारा. तिथंही रेणुका म्हणजे यल्लम्माच, तिथंही विवस्त्र होऊन देवीला जायची प्रथा. ती रोखायला दलित संघर्ष समितीचे कार्यकर्ते आणि पोलीस उभे राहिले. जमाव उलटला आणि त्यानं पोलिसांना, महिला पोलिसांनासुद्धा, विवस्त्र करून चालवलं. नंतर सरकारनं ती प्रथा बंदच केली. सौंदत्तीच्या बंदोबस्ताला जाणाऱ्या पोलिसांना चंद्रगुत्तीची गोष्ट पुढं कित्येक वर्षं पुरली.

बळी बंदीचंही तेच. कायदा १९५९ चा आहे. चिंचलीच्या मायाक्काला, कोकटनूरला जत्रेच्या दिवसांत नाक्यांवर पोलीस उभे असतात आणि बकरी शेतातून येतात. हजारांच्या गर्दीत सात-आठ हवालदार काय करणार, हे लांबून बोलणाऱ्यांनी एकदा चिंचलीला येऊन बघावं.

---

भोजकर

चिकोडी भागातल्या जैनांचंही थोडं.

आचार्य शांतीसागर महाराज आमच्या भोज गावचे. १९४७-४८ ला मुंबई सरकारनं हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला, तो जैन मंदिरांना लावायचा की नाही यावर वाद झाला. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी जैन मंदिराचं कुलूप काढायला लावून प्रवेश घडवला, प्रकरण कोर्टात गेलं. महाराजांनी अन्न सोडलं. २४ जुलै १९५१ ला मुंबई उच्च न्यायालयानं जैनांच्या बाजूनं निकाल दिला. आमच्या घरी हा विजय म्हणून सांगितला जायचा. मला आता दुसरी बाजूही दिसते, दाराबाहेर उभे होते त्यांची. महाराजांबद्दलचा आदर त्यानं कमी होत नाही. पण तो कायदा कुणासाठी होता हे आमच्याकडे कुणी मुलांना सांगत नाही.

दुसरं, जुलै २०२३. हिरेकोडीच्या जैन मुनी कामकुमारनंदी महाराजांचा खून. दोन दिवस फोनवर काय काय फिरत होतं ते आठवून अंगावर काटा येतो, आरोपींची नावं कळल्यावर तर जास्तच. पोलिसांनी लवकर सांगितलं की पैशाच्या व्यवहारातून झालंय, दोघांना पकडलं, पुढे तपास सीआयडीकडे गेला. सीबीआय पाहिजे म्हणून मोर्चे निघाले. एवढं होऊन आमच्या तालुक्यात शेजाऱ्या-शेजाऱ्यांत दंगा पेटला नाही. पोलिसांनी कारण लवकर आणि स्पष्ट सांगितलं याचा त्यात मोठा वाटा आहे असं माझं मत. गप्प बसले असते तर फोनवाल्यांनी कारण ठरवून टाकलं असतं.

---

निपाणी_तंबाखू

हुबळीचं कुणी लिहिलं नाही? १५ ऑगस्ट १९९४, ईदगाह मैदान, झेंडा फडकावण्यावरून गोळीबार, माणसं गेली. आणि २०२२ ला त्याच मैदानात गणपती बसवायचा की नाही यावर उच्च न्यायालयात रात्री उशिरा सुनावणी. खाली सगळे पोलीस निकालाची वाट बघत उभे. या दोन तारखांमध्ये जे बदललं ते एवढंच की मैदानाचा वाद आता कोर्टात सुटतो. मला तरी ही प्रगती वाटते.

अवांतर: डॉल्बीचा नियम देवाधर्माचा नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला आहे. रात्री १० ते सकाळी ६ बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. भोंगा मशिदीवरचा असो की मंडळाचा. आपलं विसर्जन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कपिलेश्वर तलावाकडे सरकत असतं, तेव्हा हा नियम कुणाला आठवतो ते सांगा.

---

सौंदत्ती_तालुका

आमच्या तालुक्यातल्या हिरेबिदनूरला एकही मुसलमान घर नाही, आणि तिथं मोहरम दरवर्षी थाटात होतो. बंदोबस्ताला आलेल्या नव्या पीएसआयला शांतता समितीसाठी "दुसरी बाजू" सापडत नसणार.

---

पंचांगवाला

तारखांबद्दल थोडं, कारण भांडणाचं अर्धं मूळ तिथं आहे आणि कुणी लिहिलं नाही.

हिजरी आणि आपलं पंचांग दोन्ही चंद्रावर चालतात, म्हणून चंद्राच्या तिथी जवळजवळ सारख्याच पडतात. फरक एवढाच की आपण साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून ऋतूशी जुळवून घेतो, ते घालत नाहीत. त्यामुळे एकदा मोहरम भाद्रपदात आला की पुढचा अधिक महिना मध्ये येईपर्यंत दोन-तीन वर्षं सलग येतो. १९८५, ८६, ८७ ला आला होता. मग २०१८, १९, २० ला. म्हणजे ३३ वर्षांनी. पुढची पाळी २०५० च्या आसपास.

मिलादचंही तसंच. रबी-उल-अव्वलची १२ आणि भाद्रपद शुद्ध १४ म्हणजे फार तर एक-दोन दिवसांचं अंतर. २०२३ ला एकच दिवस, २०२४ ला १६ आणि १७ सप्टेंबर, २०२५ ला ५ आणि ६ सप्टेंबर. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे जोड तुटते. मिलाद ऑगस्टअखेरीस, चतुर्थी १४ सप्टेंबरला. शाइस्ताताई म्हणतात ते सरकणं त्या वर्षी लागणार नाही.

---

शाइस्ता_कॅम्प

@पंचांगवाला, म्हणजे आम्ही किती समजूतदार आहोत ते दाखवायची पुढची संधी अधिक महिन्यावर अवलंबून. बरं.

---

बंदोबस्त_निवृत्त

जोड तुटली म्हणून खूश होऊ नका. एकाच दिवशी दोन्ही असले की बाहेरच्या जिल्ह्यातनं फौज मिळते, केएसआरपीच्या (राज्य राखीव पोलिसांच्या) गाड्या येतात. वेगवेगळ्या महिन्यांत असले की "तुमच्यात भागवा" म्हणतात. बंदोबस्त दोनदा, माणसं तेवढीच, रजा दोन्ही वेळी रद्द.